सत्तावीसच्या पुढे

१

मशीनचा ऑपरेटर म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा काळी वहिनीनं विचारलं होतं, दिवसभर करायचं काय? मी म्हणालो, बसायचं. ती म्हणाली, मग त्याला पगार कशाला, ते तर तू आधीपण करत होतास.

तसं तिचं चुकलं नव्हतं. आश्रमशाळेच्या टोकाला एक वापरात नसलेली वर्गखोली आहे. तिच्या जमिनीत खड्डा, खड्ड्यावर लोखंडी झाकण, खाली जमिनीची हालचाल टिपणारं यंत्र. यंत्रातून एक वायर वर संगणकाला येते. जमीन हलली की पडद्यावरची सरळ रेघ उसळते. मी वेळ वहीत लिहायची आणि संध्याकाळी रेंज मिळाली तर फाइल ऑफिसातल्या साहेबांना पाठवायची, एवढंच काम. डहाणूच्या या पूर्वेकडच्या पट्ट्यात आणि तलासरीच्या बाजूला गेली काही वर्षं जमीन अशी अधूनमधून कुरकुरते. सुनेला सासूची सवय होते तशी आम्हाला तिची झाली आहे.

दुसरं काम कुणी नेमून दिलेलं नव्हतं, पण तेच खरं होतं. पाड्यावरची माणसं मला विचारून घरात झोपत. नविनचं मशीन शांत असेल तर आत, नाहीतर अंगणात ताडपत्रीखाली.

त्या सोमवारी सकाळी साहेबांचा फोन आला. आज संगणकाला नवीन अपडेट येणार आहे, आपोआप होईल, अर्धा तास हात लावू नका. मी बरं म्हटलं आणि केर काढत राहिलो. साडेदहाला पडदा निळा झाला. मध्ये एक गोल फिरू लागला आणि खाली अक्षरं आली: अपडेट चालू आहे. संगणक बंद करू नका. आकडा भराभर चढला, दहा टक्के, वीस, पंचवीस. सत्तावीसवर आला आणि रस्त्यात म्हैस बसावी तसा बसला.

जेवायच्या वेळी सत्तावीस. चार वाजता सत्तावीस. साहेबांचा फोन लागेना. मी कुलूप घातलं आणि घरी गेलो.

२

मंगळवारी सकाळीही सत्तावीसच. शाळेच्या रसोड्यातून चहा आणला आणि समोर बसून राहिलो. वाट बघण्यात आमची माणसं तरबेज असतात. तहसीलला दाखला काढायला गेलेला माणूस कधी घड्याळाकडे बघत नाही.

अकरा वीसला जमिनीखालून ठोका आला.

भूकंप मला ओळखता येतो. आधी लांबून रिकामा ट्रक गेल्यासारखी गुरगुर येते, मग खिडकीच्या काचा वाजतात, मग पायाखाली सरकतं. इथे तसं काही नव्हतं. एकच ठोका, उखळात मुसळ पडावं तसा बोदा. मी पेल्याकडे बघितलं. चहावर साय धरली होती, तिला सुरकुतीसुद्धा पडली नव्हती. मान वर केली तर पडद्यावर अठ्ठावीस.

चाळीस मिनिटांनी दुसरा ठोका, आणि एकोणतीस.

शाळेचा शिपाई अमृत दारातून जात होता, त्याला बोलावून बसवलं. तिसऱ्या ठोक्याला मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो तंबाखू मळत राहिला. काय ऐकलंस का विचारलं तर म्हणाला, रसोड्यात मसाला वाटत असतील. तीस झालेले त्याला दाखवले. त्याचं म्हणणं पडलं, संगणक आहे, आकडा वाढणारच. हे मला पटलं, निदान पटवून घेता आलं. संगणकाच्या आत तबकडी असते, ती अडखळली की टकटकते, आणि टेबलाच्या पायातून तो आवाज जमिनीत उतरतो. मी तसं वहीत लिहूनही ठेवलं.

३

घरचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या घरात मोठं माणूस भिकी फुय, माझ्या वडिलांची बहीण. थोरला भाऊ काकड्या गुजरातेत बोटीवर खलाशी आहे. त्याची बायको काळी, त्यांची पाच वर्षांची शुक्री, मग मी, माझी बायको पुष्पा आणि आमचं अडीच महिन्यांचं पोर. धाकटा बारक्या दोन वर्षांपूर्वी गेला.

दाराशी फुयनं पालथ्या ताटावर तांब्या ठेवलेला असतो. जमीन हलली की तो किणकिणतो. तांब्या वाजला की सगळ्यांनी अंगणात यायचं, आणि मग फुय एकेकाचं नाव घेऊन हाक मारते. ज्याला हाक मारली त्यानं म्हणायचं, भायेर. म्हणजे मी बाहेर आहे. परगावी गेलेल्याला हाक नसते, तो बाहेरच असतो. पण मेलेल्याला असते. आमच्यात मेलेल्याचा दिस घालावा लागतो, पितरांत पोचवण्याचा विधी तो. दिस होईपर्यंत माणूस घरातलाच धरतात. बारक्याचा दिस काकड्या आल्याशिवाय होणार नाही, आणि काकड्याला दोन हंगाम सुटी मिळाली नाही. म्हणून फुय बारक्याचंही नाव घेते, एक श्वासभर थांबते आणि पुढे जाते.

पोराला मात्र हाक नसते, कारण त्याला अजून नाव नाही. घरातलं एक नाव लटकत असताना दुसरं ठेवू नये, असं फुयचं म्हणणं. आधी दिस, मग बारसं. आम्ही त्याला नुसतं पोर म्हणतो.

आणि बारक्या कसा गेला तेही सांगतो. तो डहाणूला चिकू भरायच्या कामाला जायचा, पहाटे निघून दुपारी यायचा आणि आतल्या खोलीत आडवा व्हायचा. महाआळशी. तांब्या वाजला तरी चटईवरून उठायचा नाही. फुयनं नाव घेतलं की आतूनच जांभई देत लांबवून म्हणायचा, भायेऽर. आम्ही हसायचो. त्या दिवशीही हसलो. मग दुसरा धक्का आला आणि विटांची भिंत आत पडली. कुडाची भिंत असती तर उठून धूळ झटकली असती त्यानं. आम्ही मात्र ती पुन्हा विटांचीच उभारली.

त्याला आत झोपायला मीच सांगितलं होतं. चार दिवस मशीन शांत होतं.

४

बुधवारी आकडा बावन्नवर गेला होता. ठोके आता दहा-पंधरा मिनिटांनी येत. मी टेबलाचे पाय गोणपाटावर ठेवले. काही फरक पडला नाही. मग खड्ड्यापाशी बसलो आणि लोखंडी झाकणावर तळवा टेकला.

पुढचा ठोका माझ्या तळव्यालाच लागला. खालून कुणी तळहातानं मारावा तसा.

हात मी लगेच काढला नाही. का ते सांगता येत नाही. उलट दुसऱ्या हाताची मूठ केली आणि झाकणावर तीनदा मारलं, दाराबाहेरचा माणूस मारतो तसं. खालून तीन ठोके आले. पडद्याकडे वळलो तर छप्पन्न.

दुपारी साहेबांचा फोन लागला. मी सगळं नाही सांगितलं. एवढंच म्हटलं, अपडेट तीन दिवस चाललंय, सोमवारपासून नोंद बंद आहे, काय करू?

"कसलं अपडेट? अहो, ते पुढच्या सोमवारवर ढकललंय. तेच सांगायला मी परत फोन करत होतो, तुमचा लागेना. तुमच्या मशीनला आम्ही अजून काहीच पाठवलेलं नाही."

मी म्हटलं, मग हे काय चाललंय? ते म्हणाले, काहीतरी अडकलं असेल, बंद करून पुन्हा चालू करा. आणि त्यांनी फोन ठेवला.

५

बटण माझ्या हाताच्या अंतरावर होतं. मी बोट त्याच्यावर ठेवलंही.

पडद्यावर लिहिलं होतं, बंद करू नका. पण त्यामुळे मी थांबलो असं नाही. सरकारी पाटी वाचून आमच्यात कोण थांबतं? माझं बोट थांबलं ते एका आठवणीमुळे. दोन वर्षांत ती मी एकदाही वर येऊ दिली नव्हती.

भिंत पडली तेव्हा बारक्या लगेच गेला नाही. विटांखालून ठोके येत होते. त्याच्या हाताला काहीतरी लागलं असावं, पत्र्याचा डबा किंवा दाराची फळी, आणि तो ते वाजवत होता. आम्ही नखांनी विटा काढत होतो. फुयला काढता येत नव्हतं, ती उंबऱ्याशी बसून मोठ्यानं मोजत होती, म्हणजे तो आहे हे आम्हाला कळत राहावं म्हणून. ती सत्तावीसपर्यंत पोचली. मग ती थांबली आणि आम्हीही थांबलो. तेच चुकलं. आम्ही हात थांबवायला नको होते.

तर आता तुम्हीच सांगा, बटण कसं दाबायचं? खालून ठोका आला. सत्तावन्न. मी खुर्ची झाकणाजवळ ओढून बसलो आणि मोठ्यानं मोजायला लागलो. अमृत दारातून बघून गेला.

६

गुरुवारी संध्याकाळी शहाण्णव होते. घरी आलो तर पुष्पा पोराला छातीशी धरून ताडपत्रीखाली बसली होती. त्याला आठ दिवस खोकला होता. डहाणूच्या डॉक्टरनं छाती तपासून सांगितलं होतं की दवात ठेवू नका, घरात झोपवा. डिसेंबरचं दव ताडपत्रीवरून थेंबथेंब गळतं, पोराची दुपटी सकाळी ओली लागतात. खोकून खोकून त्याचा आवाज बसला होता, रडलं तरी नुसतं तोंड उघडायचं.

पुष्पा कधी मला मशीनबद्दल विचारत नसे. बारक्यानंतर घरात कुणीच विचारत नसे, सगळे रोज अंगणातच झोपत. पाड्यावरचे लोक विचारत, त्यांना मी सांगत असे, घरात मात्र नाही. त्या संध्याकाळी तिनं विचारलं.

"मशीन काय म्हनतं, ता सांग. मी याला आत निजवू का नको?"

मशीन आंधळं झालंय, हे मी तिला सांगू शकलो असतो. सांगायलाच हवं होतं. पण मग तिनं विचारलं असतं, बंद का नाय केलंस? आणि मला खालच्या ठोक्यांचं सांगावं लागलं असतं. शिवाय पोराचा जीव खोकल्यानं जायचा की भिंतीनं, हे ठरवायला मला काही आधार उरला नव्हता. मला नुसतं त्याचं खोकणं थांबायला हवं होतं.

"शांत हाय," मी म्हणालो. "चार दिवसांत रेघ हलली नाय."

हे अक्षरशः खरं होतं. तिनं तेवढ्यावर झोळी आतल्या खोलीत बांधली. फुयनं माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. त्या रात्री पोर शांत झोपलं. मी अंगणात जागा होतो.

७

शुक्रवारी सकाळी साडेनऊला नव्व्याण्णव झाले. मग काही नाही. मी झाकणाला कान लावून बसलो होतो हे मला गुडघे दुखायला लागल्यावर कळलं. बारा वाजले, साडेबारा वाजले. खाली एवढी शांतता होती की खड्डा रिकामा वाटावा.

भाकर खायला घरी निघालो. घर दहा मिनिटांवर. अंगणात वहिनी उडीद झोडत होती, शुक्री टरफलं उडवत होती, फुय उन्हाला बसली होती आणि तिच्या मांडीवर गोधडीचं गाठोडं होतं. पोर फुयकडे आहे असं मी धरलं. पुष्पा बोअरिंगवरून धुण्याची बादली घेऊन आली, तिनंही तेच धरलं.

मग गुरगुर आली, ट्रकासारखी. दारातला तांब्या किणकिणला, ताटावरून घसरला आणि गडगडत अंगणात आला. जमीन पायाखालून सरकली आणि परत आली. फुय उठून उभी राहिली.

"काळी."

"भायेर."

"नविन."

"भायेर," मी म्हटलं.

"पुष्पा."

"भायेर."

"बारक्या."

फुय नेहमीसारखी थांबली. त्या एका श्वासात घरातून आवाज आला.

"आत हाय."

बारक्याचाच आवाज. पण जांभई नव्हती, लांबवणं नव्हतं. हरवलेली वस्तू शोधणाऱ्याला कुणी जागा सांगावी, तसं साधं सांगणं. सगळ्यांनी ऐकलं. वहिनीच्या हातातली काठी तशीच वर राहिली.

पुष्पानं फुयच्या मांडीवरून खाली पडलेली गोधडी बघितली. ती मोकळी झाली होती, तिच्यात काही नव्हतं. पुष्पाच्या हातून बादली सुटली आणि मी पळालो.

उन्हातून आत गेल्यावर डोळ्यांपुढे काळोख होता. आतल्या खोलीत झोळी हलत होती. धक्क्यानं हललेली वस्तू वेडीवाकडी हलते. ही सरळ हलत होती, लांब झोके घेत, कुणी बसून दोरी ओढावी तशी. दोरी झोळीपासून कोपऱ्यात गेली होती आणि ताणलेली होती. त्या कोपऱ्यात पूर्वी बारक्याची चटई असायची. दोरीचं टोक बसलेल्या माणसाच्या हाताच्या उंचीवर होतं, आणि ते कुणीतरी धरलं होतं. मी बोटांपर्यंतच बघितलं. चार बोटं, मनगटापर्यंत विटेच्या लाल धुळीनं माखलेली. त्याच्या मागे काय होतं ते मी बघितलं नाही, आणि बघितलं असतं तर इथे बसून सांगितलं नसतं.

पोराला उचललं तेव्हा दोरी सैल पडली. मी बाहेर आलो आणि दुसरा धक्का आला. आम्ही सगळे भिंतीकडे बघत उभे राहिलो. भिंत पडली नाही. एक कौलसुद्धा पडलं नाही.

पोर रडत नव्हतं. डोळे उघडे होते आणि कपाळावर लाल धुळीचा अंगठा उमटलेला होता. पुष्पानं तो पदरानं पुसला.

८

संध्याकाळी खोली उघडली तर पडदा नेहमीसारखा होता. निळं काही नाही, आकडा नाही, सरळ रेघ धावत होती. खालून ठोका नाही. पुढच्या सोमवारी साहेबांचं अपडेट आलं, वीस मिनिटांत झालंसुद्धा. साहेबांनी विचारलं, आधी काय अडकलं होतं? मी म्हटलं, काय माहीत.

पोराचा खोकला त्या दिवसापासून बंद झाला. डॉक्टर खूश झाला, म्हणाला, बघा, दवातून काढलंत म्हणून. पुष्पा त्याला दूध पाजते, अंघोळ घालते, सगळं करते. पण त्याच्याशी बोलत नाही. पूर्वी दिवसभर बडबडायची. एकदा म्हणाली, हा माझ्याकडं बघतो ता ओळखीच्या बाईकडं बघावं तसा बघतो, आयकडं बघावं तसा नाय. मी तिला वेडी म्हटलं आणि त्याच्याकडे बघायचं टाळलं. काकड्याचा फोन आला, होळीला नक्की येतो, दिस घालून टाकू. फुयला सांगितलं तर ती भाकरी थापत राहिली.

काल दुपारी तांब्या वाजला. लहानसा धक्का, शेजारच्यांना तर कळलाही नाही. आम्ही नियमाप्रमाणे अंगणात आलो. पोर पुष्पाच्या कडेवर होतं, याची मी आधी खात्री केली. फुयनं हाका सुरू केल्या. काळी, भायेर. मी, भायेर. पुष्पा, भायेर.

"बारक्या," फुय म्हणाली आणि थांबली.

पुष्पाच्या कडेवरून, दुपट्यातून, जांभई दिल्यासारखं लांबवून उत्तर आलं.

"भायेऽर."

पुष्पानं खाली बघितलं नाही. ती समोर कुंपणाकडे बघत राहिली. फुयनं पुढचं नाव घेतलं, शुक्री म्हणाली भायेर, आणि हाका संपल्या. ज्यांना नाव होतं ते सगळे बाहेर होते.

घरातून मात्र आवाज येत होता. आतल्या खोलीत झोळीची दोरी करकरत होती, आणि तिच्या खाली अगदी बारीक, बसलेल्या घशाचं खोकणं. मी दारापर्यंत गेलो. हाक मारायला तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिलो. त्याला नाव नव्हतं.